भिंत वाढत नसते

"एकवीस नंबर," असं स्वतःशीच पुटपुटत बाईंनी चौथ्या गठ्ठ्यातून कागद ओढला आणि आधीच्या तिन्हींशेजारी ठेवला. शनिवार होता. अर्ध्या दिवसाची शाळा सुटून तास उलटला होता आणि शिपाई दारावरून दोनदा किल्ल्या वाजवत गेला होता. बाईंनी मान वर केली नाही. एकतीस वर्षांत त्यांनी किल्ल्यांच्या आवाजाला कधी भीक घातली नव्हती.

काम तसं वैतागाचंच होतं. चौथीच्या मुलांनी दर आठवड्याला घरी करायचे चार कागद बाई स्वतः तयार करत. गणिताचा एक, भाषेचा एक, विज्ञानाचा एक आणि परिसर अभ्यासाचा एक. चमकीचे कागद आणून आईबापांनी रात्रभर जागून केलेले देखणे प्रकल्प बघितले की त्यांचं डोकं फिरे. म्हणून त्यांच्या कागदांवर पहिलाच नियम होता, काहीही विकत आणायचं नाही. घरातली बादली, घरातलं दार, घरातली माणसं. मोजा, ऐका, बघा, लिहा आणि खाली मोठ्या माणसाची सही घ्या. मुलांना ते आवडायचं. एकाने तर 'वाढणारी वस्तू' म्हणून वडिलांचं पोट निवडलं होतं आणि बारा आठवडे दोरीने मोजून आणलं होतं. बाईंनी त्याला पैकीच्या पैकी दिले होते.

तपासायची त्यांची पद्धत ठरलेली होती. सोमवारी सगळ्यांचं गणित, मंगळवारी भाषा, बुधवारी विज्ञान, गुरुवारी परिसर. एकच विषय चाळीस वेळा तपासला की हात बसतो आणि चूक लपत नाही, असं त्या नव्या शिक्षिकांना सांगत. तपासलेले कागद विषयाप्रमाणे चार दोऱ्यांत बांधून कपाटात जात. पण येत्या सोमवारी शाळेची सरकारी तपासणी होती आणि मोठ्या सरांना आता प्रत्येक मुलाची वेगळी फाइल हवी होती. म्हणून दोऱ्या सुटल्या होत्या आणि बाई दुपारच्या उकाड्यात नंबराप्रमाणे कागद लावत बसल्या होत्या.

एकवीस नंबर म्हणजे मुंगी. हे नाव वर्गाने ठेवलं होतं आणि ते इतकं बसलं की हजेरी घेतानाही बाईंच्या तोंडी तेच यायचं. बुटकी, गप्प, सतत काहीतरी करत असलेली मुलगी. तिचा बाप शिंपी, घरीच शिवायचा. आई दवाखान्यात आया होती. बाईंनी तिचे गणिताचे बारा कागद हातात घेतले आणि कौतुकाने चाळायला सुरुवात केली, कारण ही मुलगी बाईंच्या दृष्टीने 'सुधारलेली' होती.

'वाढणारी एक वस्तू निवड. दर शनिवारी पट्टीने मोज.' बाकीच्यांनी रोप, नख, कुत्र्याचं पिल्लू असं काय काय निवडलं होतं. मुंगीने लिहिलं होतं, 'पलंगामागच्या भिंतीतली भेग.' शेजारी पेन्सिलीने भेगेचं चित्र. पहिल्या आठवड्यात रुंदी चार मिलिमीटर. दुसऱ्या आठवड्यात पाच. तिसऱ्या आठवड्यात सात. तिसऱ्या कागदावर बाईंचीच लाल रेघ होती: 'चूक. पट्टी शून्यापासून लाव. भिंत वाढत नसते. पुन्हा मोज.' मुलं पट्टी शून्याऐवजी एकापासून लावतात, नाहीतर पट्टीच्या कडेपासून लावतात, हे बाईंना झोपेतही ठाऊक होतं. चौथ्या आठवड्यात मुंगीने लिहिलं होतं, चार. बाईंची बरोबरची खूण. पाचव्या आठवड्यात चार, बरोबर. सहाव्यात चार. नवव्या आठवड्यात बाईंनी खुशीत लिहिलं होतं, 'छान. आता नीट मोजायला लागलीस.' बाराव्यापर्यंत चार.

बाई हसल्या आणि कागद फाइलला लावणार, तेवढ्यात थांबल्या. चार, चार, चार, नऊ वेळा चार. लहान मुलाच्या हाती पेन्सिल मोजायला दिली तरी नऊ वेळा एकच आकडा येत नाही. कधी पट्टी सरकते, कधी डोळा तिरका पडतो, कधी मूल घाईत असतं. मुलांनी मोजलेला आकडा थोडा हलतोच, हे एकतीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला दिसायला हवं होतं. दर सोमवारी एकच कागद समोर यायचा, त्यावर चार लिहिलेलं असायचं आणि बाईंचा हात खूण करून पुढच्या मुलाकडे जायचा.

त्यांनी भाषेचा कागद ओढला. 'पाच मिनिटं डोळे मिटून बस. काय काय ऐकू आलं ते लिही.' मुंगीने लिहिलं होतं: 'खालच्या कारखान्यातल्या मशीनचा धाड धाड आवाज. बाबांच्या मशीनचा खर्र आवाज. भिंतीचा आवाज. कुणी वाळलेली काडी मोडावी तसा. तो रोज येत नाही. खालचं मशीन बंद झालं की येतो.' 'वाळलेली काडी मोडावी तसा' याखाली बाईंनी रेघ ओढून लिहिलं होतं, 'सुंदर उपमा.'

विज्ञानाच्या कागदावर गोटी होती. गोटी जमिनीवर अलगद ठेवायची आणि ती थांबते की जाते ते बघायचं. मुंगीची गोटी कुठेही ठेवली तरी पलंगाखाली जात होती. 'आधी हळू जायची. आता पटकन जाते.' बाईंचा शेरा: 'गोटीला धक्का देऊ नये.' परिसराच्या कागदावर घरातल्या नादुरुस्त वस्तूबद्दल लिहायचं होतं. 'आमचं दार नादुरुस्त नाही. चौकट लहान झाली आहे. दार लागत नाही म्हणून आम्ही खुर्ची लावून झोपतो.' बाईंचा शेरा: 'चौकट लहान होत नाही. दमट हवेने दार फुगते.'

चार कागद शेजारी शेजारी पडले होते. चारही बाईंच्याच हाताने तपासलेले, चार वेगवेगळ्या वारी. त्यांनी भराभर बाकीचे कागद उलटसुलट केले. मुंगीच्या त्या कारखान्यावरच्या इमारतीत वर्गातली अजून तीन मुलं राहत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या जुळ्या भावांनी गोट्यांची शर्यत लावली होती आणि दोघांच्या गोट्या एकाच भिंतीला जाऊन आपटल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या मुलाने लिहिलं होतं की त्यांच्या मोरीतलं पाणी आता जाळीकडे जात नाही, खोलीत येतं. आणि परिसराच्या एका जुन्या कागदावर, 'आपल्या इमारतीतले बदल' या मथळ्याखाली, जुळ्यांपैकी एकाने लिहिलं होतं, 'खालच्या कारखान्यात मोठं मशीन आलं. ते मावेना म्हणून मधली भिंत पाडली.' तारीख बारा आठवड्यांपूर्वीची होती.

मोठ्या सरांना फोन लावला तेव्हा ते जेवून आडवे झाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं की चौथीच्या मुलांच्या कागदांवरून तुम्ही लोकांना घराबाहेर काढणार आहात का. बाई म्हणाल्या, हो. सर म्हणाले, सोमवारी तपासणी होऊन जाऊ दे, मग आपण रीतसर पत्र लिहू. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात फोन उचलला तो पहारेकऱ्याने. साहेब सोमवारी भेटतील, अर्ज घेऊन या, एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मग बाईंनी शिपायाला हाक मारली, शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर काढायला लावलं आणि त्या इमारतीचा पत्ता असलेली सगळ्या वर्गांतली मुलं एका कागदावर उतरवून घेतली. अकरा मुलं निघाली. सात घरं.

"सभागृहाची किल्ली कुठल्या खिळ्याला आहे?" त्यांनी विचारलं. शिपायाने किल्ली काढून दिली. सरांची परवानगी आहे का, असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण बाईंचा चेहरा बघून त्याने ते गिळलं.

इमारत तीन मजली होती. खाली खोकी बनवायचा कारखाना, वर खोल्या. शनिवारी दुपारनंतर कारखाना बंद असे, त्यामुळे गल्लीत नको तितकी शांतता होती. जिना चढताना बाईंचा हात कठड्यावर गेला आणि त्यांना दिसलं की कठडा भिंतीपासून सुटला आहे. मधे दोन बोटं सहज जात होती. पायऱ्यांवर पिठासारखा चुना पडला होता. कुणीतरी तो सकाळीच झाडून कोपऱ्यात लावला होता आणि त्यावर पुन्हा पडला होता. मग बाईंना तो आवाज ऐकू आला, भिंतीच्या आतून, छोटा आणि कोरडा. वाळलेली काडी मोडावी तसाच. उपमा खरोखरच चांगली होती.

सुट्टीच्या दुपारी बाई घरी आलेल्या बघून आधी जुळ्यांची आई बाहेर आली. पोरांनी काय पराक्रम केला, अशी तिची पहिली शंका होती आणि ती दोघांचे कान पकडायच्या तयारीतच होती. हळूहळू बाकीची दारंही उघडली. ज्यांची उघडत नव्हती त्यांनी ती खांद्याने ढकलून उघडली. टेलरमास्तर म्हणजे मुंगीचे वडील गळ्यात टेप घालून मशीनवर बसले होते. ते उठले, खुर्ची पुसून बाईंपुढे ठेवली आणि मुंगीला पाणी आणायला सांगितलं. बाई बसल्या नाहीत. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं की इमारत धोक्यात आहे, सगळ्यांनी आत्ता खाली उतरायला हवं.

मास्तर ऐकत राहिले. मग त्यांनी फळीवरून मुंगीची शाळेची डायरी काढली, त्यातलं एक पान उघडलं आणि बाईंसमोर धरलं. पानावर बाईंचंच टपोरं अक्षर होतं. 'पालकांस. मुलगी मोजताना चुकते. घरी लक्ष द्यावे. भिंत वाढत नसते हे तिला समजावून सांगावे.'

"हे तुमच्याच हातचं आहे," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "मला तेव्हाच शंका आली होती बाई. मी दुसरी खोली बघायला निघालो होतो. मग तुमचं हे आलं. मी सगळ्या मजल्यावर दाखवलं. म्हटलं, शिकलेल्या बाई लिहितात, उगाच घाबरायचं कशाला. मी दिवसभर टेप गळ्यात घालून बसतो. पण त्या भिंतीला एकदाही लावला नाही. तुमचं अक्षर होतं ना."

खोलीच्या दाराशी शेजारी जमले होते. बाईंना वाटलं, आत्ता इथून खाली जावं, घरी जावं, सोमवारी अर्ज करावा. असं वाटलं हे त्यांनी पुढे कधी लपवलं नाही. पण मुंगी पाण्याचा तांब्या धरून समोर उभी होती आणि वर बघत होती.

"मुंगे," बाई म्हणाल्या, "पट्टी आण. भेग मोज. सगळ्यांसमोर मोज."

मास्तरांनी आणि जुळ्यांच्या बापाने पलंग ओढला. भेगेवर कॅलेंडर टांगलं होतं, ते काढलं. भेग कॅलेंडरपेक्षा लांब होती आणि तिच्या आत अंधार होता. मुंगीने गुडघे टेकून पट्टी लावली. शून्यापासून लावली, बाईंना दिसेल अशी. मग तिने मागे वळून बघितलं.

"बाई, बरोबर सांगू का खरं सांगू?"

हसण्यासारखं काही नव्हतं आणि कुणी हसलंही नाही. नऊ आठवडे ही मुलगी खरं बघत होती आणि बरोबर लिहीत होती. बाईंना वाटलं, कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

"खरं सांग," त्या म्हणाल्या.

"तेवीस."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. कापडाला लावतात तितक्याच हळू हाताने भिंतीला लावला आणि बघितलं. "इंचभर," ते म्हणाले आणि टेप पुन्हा गळ्यात घालायचं विसरले.

"मी चुकले," बाई म्हणाल्या. त्या आयुष्यात वर्गासमोर, पालकांसमोर, मोठ्या सरांसमोर हे कधी म्हणाल्या नव्हत्या, आणि म्हणताना त्यांचा आवाज वर्गात शिकवताना येतो तसाच खणखणीत आला. "ही पोरगी पहिल्यापासून नीट मोजत होती. मीच तिला खोटं लिहायला शिकवलं. ते डायरीतलं फाडून टाका. आणि आता मी सांगते ते ऐका. घर रिकामं करा. आत्ता."

मग जे व्हायचं ते झालं. सगळे एकदम बोलायला लागले. किती दिवस, कुठे राहायचं, मालकाला काय सांगायचं, चुलीवर दूध ठेवलंय त्याचं काय. बाईंनी सांगितलं की शाळेचं सभागृह उघडलंय, पंखे आहेत, नळ आहे. जुळ्यांची आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आणि काही झालं नाही तर?"

"तर मला हसा," बाई म्हणाल्या. "सोमवारी मी फाटकात उभी राहते. येता-जाता हसा."

तेवढ्यात वरून मूठभर चुना सगळ्यांच्या डोक्यावर पडला. त्याने बाईंपेक्षा जास्त काम केलं.

बाई जिन्याच्या वळणावर यादी घेऊन उभ्या राहिल्या. सहलीला मुलांना बसमधून उतरवताना त्या अशाच उभ्या राहत. एकेक मूल आणि त्याच्या मागे त्याच्या घरातली माणसं खाली गेली की त्या नावापुढे खूण करत. गाद्या, बादल्या, एक पिंजरा, अर्धा भिजवलेला कपड्यांचा ढीग. सगळ्यांत वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहणारे रेडिओवाले गोंधळ ऐकून खाली आले. साठीचा सडसडीत माणूस, एकटा, रेडिओ आता कुणी आणत नाही म्हणून पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करणारा. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि जुळ्यांच्या आजीला खुर्चीसकट उचलायला हात लावला. आजी खाली पोचल्या तेव्हा ते परत वर आले. कुणाची ट्रंक, कुणाचा कुकर, कुणाची औषधांची पिशवी. बाईंच्या शेजारून जाताना ते प्रत्येक वेळी अंग चोरून जात आणि म्हणत, "सांभाळा बाई, कठड्याला टेकू नका." मास्तरांचं शिलाईचं मशीन दोघांनी मिळून उतरवलं. बाईंच्या मनात आलं की असा एक माणूस प्रत्येक इमारतीत हवा.

शेवटचं, अकरावं मूल गेलं. बाईंनी खूण केली, जिन्यातून एकदा वर बघितलं, कुणी आहे का असं ओरडल्या, उत्तर आलं नाही. त्या खाली उतरल्या. शाळा दोनच गल्ल्या पलीकडे होती.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा सभागृहात गाद्या पसरल्या होत्या. मुंगीची आई ड्यूटीवरून परस्पर तिथेच आली होती आणि मुंगीला जवळ घेऊन बसली होती. पोरं भाषणाच्या चौथऱ्यावरून उड्या मारत होती, कारण एरवी त्यावर चढायची बंदी होती. मोठे सर आले, चपला न काढता दारातच उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले की बाई, हे सोमवारच्या आत आवरा. जुळ्यांची आई दर पाच मिनिटांनी खिडकीतून बाहेर बघून येत होती. "आहे अजून उभी," ती सांगत होती आणि प्रत्येक वेळी तिच्या सांगण्यात थोडी थट्टा वाढत होती. दोघे-तिघे म्हणू लागले की निदान रात्रीपुरतं तरी घरी जाऊ, पोरांना आपल्या जागेशिवाय झोप येत नाही.

बाई म्हणाल्या, आधी हजेरी. त्यांनी यादी वाचायला सुरुवात केली. मुलं उठून उठून हजर म्हणाली, दोन वर्षांच्या बहिणीच्या वतीनेही एकजण हजर म्हणाला आणि लोक हसले. अकराच्या अकरा. सातही घरं गाद्यांवर बसलेली दिसत होती. बाईंना इतकं हायसं वाटलं की त्यांना तिथेच खाली बसावंसं वाटलं. एक चूक झाली होती, मोठी झाली होती, पण ती निस्तरली होती. आता लोकांनी हसावं, सरांनी मेमो द्यावा, काही म्हणणं नव्हतं.

आवाज आधी आला नाही. आधी सभागृहाच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मग पायांखालची फरशी हलल्यासारखी झाली आणि मग आवाज आला, लांबट, घसरत येणारा, आणि एकदम संपलेला. पोरं जिथल्या तिथे थांबली. खिडकीबाहेर दोन गल्ल्या पलीकडे करडी धूळ वर चढत होती, आणि जिथे इमारतीचं टोक दिसायचं तिथे आभाळ होतं.

पहिल्यांदा रडायला लागली ती जुळ्यांची आई. तिने बाईंचे दोन्ही हात घट्ट धरले आणि सोडेचना. सगळेजण उभे राहिले, आपापली माणसं चाचपायला लागले, पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवायला लागले. मोठे सर दारातच भिंतीला टेकून उभे होते. कुणीतरी म्हणालं, बाईंनी वाचवलं. अजून एक-दोघं तेच म्हणाले. मास्तर मात्र शिलाईच्या मशीनजवळ उभे होते आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे एकेक करून बघत होते.

"ते तुमच्याकडे आहेत ना?" त्यांनी जुळ्यांच्या बापाला विचारलं.

"कोण?"

"रेडिओवाले."

जुळ्यांच्या बापाला वाटलं होतं, ते मास्तरांबरोबर आहेत. वरच्या मजल्यावरच्यांना वाटलं होतं, ते आजींपाशी बसलेत. आजी म्हणाल्या, मला खाली ठेवून पाणी प्यायला आणि परत गेला. सगळ्यांनी त्यांना खाली आलेलं बघितलं होतं, चार वेळा, पाच वेळा. मास्तरांनी मशीनवर हात ठेवला.

"मशीनचा स्टँड वर राहिला होता. मघाशी, हजेरीच्या जरा आधी, ते तो आणायला निघाले. मी म्हटलं, राहू दे. ते म्हणाले, स्टँडशिवाय मशीन काय कामाचं. मी म्हटलं, नको. म्हटलं होतं मी."

बाईंनी हातातली यादी बघितली. ती बरोबर होती. अकरा नावं, अकरा खुणा, सात घरं. शाळेच्या रजिस्टरवरून काढलेली यादी. आणि ज्या घरात मूल नाही ते घर शाळेच्या रजिस्टरमध्ये असत नाही. इमारतीत आठ घरं होती. दुपारी जिन्याच्या वळणावर तो माणूस त्यांच्या शेजारून इतक्या वेळा गेला होता, आणि प्रत्येक वेळी त्यांचं लक्ष पुढच्या नावाकडे होतं.

मुंगी आईच्या मांडीवरून उठून त्यांच्याजवळ आली आणि टाचा उंचावून यादीत बघू लागली.

"बाई, काका कितव्या नंबरवर आहेत?"

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. खोटं सांगायचं नाही, एवढं तरी त्या दिवशी त्यांना कळलं होतं. "नाहीयेत गं," त्या म्हणाल्या. "मी त्यांना घेतलंच नव्हतं."

पुरुष माणसं धावत निघाली होती. मास्तर सगळ्यांत पुढे होते, अनवाणी. बाईंना धावता येत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी त्या पोचल्या तेव्हा धूळ अजून खाली बसली नव्हती आणि पुढे जाणाऱ्यांना लोक मागे ओढत होते. कुणीतरी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, आतून काही ऐकू येतंय का बघायला. एवढी माणसं, पण कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेईना.

वर्गात बाईंची एक पद्धत होती. हजेरीला कुणी ओ दिली नाही की त्या तीनदा पुकारत, आणि तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही की गैरहजेरी मांडून पुढच्या नावावर जात. त्या शांततेत त्यांनी पदर सारखा केला आणि हजेरीच्या आवाजात हाक मारली, "रेडिओवाले." थांबून पुन्हा मारली. मग तिसऱ्यांदा. धुळीतून एक दगड घरंगळत खाली आला आणि थांबला. लोक आता बाईंकडे बघत होते.

बाईंनी चौथी हाक मारली.